गावातल्याच मुलीला गावाची नर्स करताना

ही टिपणं दोघींसाठी आहेत. एक नर्सिंग कॉलेजातली ट्यूटर, आणि दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्रातली ती सिस्टर, जिच्या टेबलावर कॉलेजचं पत्र येऊन पडतं: "आमच्या विद्यार्थिनींना ग्रामीण अनुभवासाठी पाठवत आहोत, सहकार्य व्हावे." सहकार्य म्हणजे बहुतेक ठिकाणी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मुली ओपीडीच्या बाकावर बसतात, केसपेपरवर नावं लिहितात, कोणाची तरी रजिस्टरं चांगल्या अक्षरात उतरवून देतात आणि शेवटच्या दिवशी लॉगबुकवर सह्या घेऊन एसटी पकडतात.

मी आरोग्य सहायिका आहे. उपकेंद्रं, तिथल्या एएनएम (उपकेंद्राच्या नर्स), आशाताई आणि दर वर्षी येणाऱ्या या मुली, असं सगळं एका वेळी बघावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की शहरातून आलेल्या मुलीला शिकवणं आणि तालुक्यातल्याच मुलीला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शहरातलीला गाव शिकवावं लागतं. गावातलीला गाव येतंच, पण तिथे नर्स म्हणून उभं राहणं तिला जड जातं. कारण काल परवापर्यंत ती कुणाची तरी पुतणी होती आणि लोकांच्या लेखी अजूनही आहे. अभ्यासक्रमात याचा धडा नाही, म्हणून तो आपल्याला घ्यावा लागतो.

कोणाला घ्यायचं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्यासाठी शिफारशी काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. दोन्हीकडे एक गोष्ट ठळक आहे: खेड्यात वाढलेल्या मुलामुलींना प्रवेशात प्राधान्य द्या, कारण पुढे तीच खेड्यात राहण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे हे वेगळ्या वाटेने आधीच दिसलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि फारसं न शिकलेल्या बायकांमधून गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या उभ्या केल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी शिकवली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे.

पण नुसता पत्ता खेड्यातला असून भागत नाही. एएनएमच्या कोर्सला दोन वर्षं, जीएनएमला (जनरल नर्सिंग) तीन, बीएस्सी नर्सिंगला चार. इतका वेळ आणि खर्च घालताना आईबापांच्या डोळ्यांसमोर सरकारी नोकरी असते, त्यात गैर काही नाही. तरी प्रवेशाच्या वेळी मुलाखत घेता येत असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: "तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात कोण घेऊन जातं?" जी मुलगी सांगते, "आजीला मीच नेते, गोळ्यांचं पण मीच बघते," तिचं अर्धं शिक्षण झालेलं असतं. हल्ली मुलगेही येतात. त्यांना "बायकांचं काम" म्हणून बाजूला बसवू नका. लसीकरण, साप चावलेला पेशंट, क्षयरोग्याच्या घरी पाठपुरावा, बीपी-शुगरची तपासणी, सगळं त्यांनी करायचं.

पहिला आठवडा: सुई नको, पाय हवेत

पहिल्या आठवड्यात मी मुलींच्या हातात सिरिंज देत नाही. चालायला लावते. सपाटीवर एका उपकेंद्राखाली साधारण पाच हजार लोकवस्ती धरलेली असते, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार. कागदावर हा नुसता आकडा असतो. पायांना मात्र कळतं, की शेवटची वस्ती रस्त्यापासून किती आत आहे आणि ओढ्याला पाणी आलं की ती कशी तुटते.

इथे एक नियम पाळा. मुलीला तिच्या स्वतःच्या गावात पाठवू नका, शेजारच्या उपकेंद्राच्या गावात पाठवा. स्वतःच्या गावाचा नकाशा काढायला सांगितला तर ती लहानपणापासून ज्या गल्ल्यांतून फिरली तेवढ्याच काढते. ज्या वस्तीवर तिच्या घरचं जाणं-येणं नाही ती वस्ती कागदावरही येत नाही, आणि ती मुद्दाम तसं करते असंही नाही. शेजारच्या गावात तिला विचारतच जावं लागतं.

नकाशात मला देऊळ आणि शाळा नको असते. पिण्याचं पाणी कुठून येतं आणि त्यात टीसीएल (पाणी शुद्ध करायची) पावडर कोण टाकतं, रात्री गाडी कोणाकडे असते आणि ती कोण चालवतं, मोबाईलला रेंज कुठे येते, कोणत्या घरात सातव्या महिन्याच्या पुढची गरोदर बाई आहे, कोण कायम अंथरुणावर आहे, हे हवं. आणि मग सगळ्यांत अवघड प्रश्न: रजिस्टरात कोण नाही? ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, वीटभट्टीवर आलेली माणसं, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. या तिघांचं नाव एका ठिकाणी असतं आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी. ऊसतोडीला निघालेल्या गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेत राहतं आणि ती कारखान्यावर पोचते, मग तिकडची सिस्टर सगळं पहिल्यापासून सुरू करते. मुलींना सांगा, टोळी निघायच्या आधी अशा घरी जायचं, कार्ड बाईच्या पिशवीत स्वतःच्या डोळ्यांदेखत टाकायचं आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्यायचा.

आशाताईच्या मागे चाला

आशा योजना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, साधारण हजार लोकांमागे एक. आपल्या विद्यार्थिनी पांढऱ्या कोटात येतात आणि आशाताईला "तुम्ही जरा वजनकाटा धरा" म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. सुरुवातीचे दिवस उलटं ठेवा: वजनकाटा विद्यार्थिनीने उचलायचा, बोलायचं आशाताईने. कोणत्या घरात सासूशी आधी बोलायचं, कोणत्या घरी नवरा घरात नसतानाच गोळ्यांचा विषय काढायचा, हे ती ज्या सहजतेने करते ते पाहायला मिळणं हे मुलींचं भाग्य आहे. संध्याकाळी मुलींना एवढंच विचारा: ताईंनी कुठे गप्प बसणं पसंत केलं, आणि का?

"अगं, तू तर आमच्या सुमनची"

आता मूळ मुद्दा. स्थानिक मुलगी दारात उभी राहिली की दार उघडतं, भाषा तिचीच असते, चहा येतो. हा फायदा शहरातल्या मुलीला कितीही शिकवून मिळत नाही. पण त्याच दारात दोन अडचणीही असतात.

पहिली, तिचं ऐकलं जात नाही. बीपी जास्त आहे, दवाखान्यात चला म्हटलं की उत्तर येतं, "काल शेंबूड पुसत होतीस, आज मला शिकवतेस व्हय?" मुली इथे दोनच गोष्टी करतात: एक तर गप्प बसतात, नाहीतर पुस्तकी मराठीत भाषण देतात. दोन्ही फुकट. नातं सोडायला सांगू नका, नात्याच्या आतूनच काम सांगायला शिकवा. "मामी, मला शिकवायचं न्हाई तुम्हाला. हे मशीन काय दाखवतंय ते तुम्हीच बघा. वरचा आकडा एकशे पन्नास आलाय. दहा मिनिटं शांत बसा, मी परत बघते. परत एवढाच आला तर उद्या मी स्वतः तुमच्याबरोबर येते." यात उपदेश नाही, आकडा आहे, दुसऱ्यांदा मोजणं आहे आणि बरोबर यायची तयारी आहे. हे वाक्य मुलींकडून मोठ्याने म्हणवून घ्या, त्यांच्या बोलीत. एक मुलगी मामी होते, दुसरी नर्स. मामी झालेल्या मुलीला जास्तीत जास्त आडमुठेपणा करायला सांगा. हसू येतं, पण दारात गेल्यावर तोंडात शब्द तयार असतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर. गावातल्या मुलीला गावातलं कळतं आणि गावाला ते हवं असतं. कोणाच्या सुनेने तांबी बसवली, कोणाच्या थुंकीत टीबी निघाला, कोणाची लग्न न झालेली पोरगी दवाखान्यात का आली होती. नळावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात तिला विचारलं जातं, आणि विचारणारी परकी नसते. आत्या असते, कधी कधी स्वतःची आई असते. "गोपनीयता पाळावी" हे वाक्य मुलींना पाठ असतं, आईने विचारल्यावर काय बोलायचं हे कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणून मी त्यांना तयार उत्तरं देते. "आत्या, दवाखान्यातलं बाहेर सांगितलं तर माझं कॉलेज सुटेल." हे सर्वांत चालणारं उत्तर, कारण यात दोष नियमावर जातो आणि आत्याचा अपमान होत नाही. "मला काही माहीत नाही" असं खोटं बोलायला शिकवू नका. गावात खोटं टिकत नाही. आणि एक बारीक गोष्ट: फक्त वाईट बातमी लपवायची नसते. "तिला काहीच झालेलं नाही हो, साधी सर्दी" असं एकीबद्दल सांगितलं आणि दुसरीबद्दल गप्प राहिलं, की गप्प राहणंच बातमी होते. म्हणून सर्दीबद्दलही बोलायचं नाही.

रजिस्टर उघडं ठेवून उठायचं नाही, मोबाईलवर कार्डाचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचा नाही, भले शंका विचारायला असेल. अठराच्या आतली मुलगी गरोदर असल्याचं लक्षात आलं तर ते ओझं विद्यार्थिनीने एकटीने वाहायचं नसतं. पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे, म्हणून त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं, मधे कोणालाही नाही.

श्वास मोजणं

हाताची कामं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच कॉलेजच्या पुतळ्यावर शिकून होतात. पुतळ्यावर न होणाऱ्यांपैकी एक मी प्रत्येक मुलीकडून करून घेते: बाळाचे श्वास मोजणं. न्यूमोनियाची शंका घ्यायला गावात याहून स्वस्त साधन नाही आणि याहून जास्त खोटं लिहिलं जाणारंही नाही. रजिस्टरात ओळीने "४०, ४०, ४२, ४०" दिसलं की समजायचं, कोणी मोजलेलं नाही.

बाळ आईच्या मांडीवर, शांत. दूध पीत असेल तर थांबायचं, रडत असेल तर आणखी थांबायचं. आईला अंगडं वर करायला सांगायचं, आपण ओढायचं नाही. नजर छातीवर नको, पोटावर, जिथे वर-खाली स्पष्ट दिसतं. घड्याळ बाळाच्या पोटाच्या शेजारी धरायचं, म्हणजे मान हलवावी लागत नाही. पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं चालत नाही, कारण तान्हं बाळ मधेच थांबून भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त आले तर परत मोजायचे, आणि परत तेवढेच आले तर बाळ पाठवायचं. दोन महिने ते एक वर्ष, पन्नास किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, चाळीस किंवा जास्त. मोजून झाल्यावर छाती आत ओढली जाते का ते बघायचं. मीही त्याच वेळी शेजारी बसून मनात मोजते आणि दोघींचे आकडे नंतर जुळवतो. एक-दोनचा फरक चालतो.

घोणस किंवा फुरसं चावल्याची शंका असलेला पेशंट केंद्रात आला तर विद्यार्थिनींना बाहेर काढू नका. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी त्यांनी बघायलाच हवी. कोरडी काचेची नळी, साबणाने धुतलेली नको, त्यात दोन मिली ताजं रक्त, आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करून रक्त गोठलंय का ते बघायचं. नातेवाईक ओरडत असताना वीस मिनिटं हात न लावता उभं राहणं हेच शिकायचं असतं. नाग आणि मण्यार यांचं विष या चाचणीत दिसत नाही, म्हणून त्याच वेळात पेशंटच्या पापण्या जड होतात का, गिळता येतं का, हे दुसरीने बघत राहायचं.

लसीकरणाचा दिवस

हा दिवस मुलींना सकाळी शीतसाखळीच्या (लस थंड ठेवायच्या) खोलीपासून द्या, सत्रावर थेट नेऊ नका. आइसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच लस न्यायच्या पेटीत, म्हणजे कॅरिअरमध्ये, भरणं ही घाईतली नेहमीची चूक. ते बाहेर ठेवायचे, घाम सुटू द्यायचा, कानाजवळ हलवायचे आणि आत पाण्याचा आवाज आला की मगच चार पॅक भरायचे. कारण सांगा, नाहीतर लक्षात राहत नाही: पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली की निकामी होते, आणि गोठून वितळलेली कुपी वरून ओळखू येतेच असं नाही. कुपीवरच्या व्हीव्हीएमचा (लसीला उष्णता लागली का ते दाखवणाऱ्या खुणेचा) आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) लस तिच्या द्रावकात मिसळली की चार तासांत संपवायची, म्हणून कुपीवर वेळ लिहायची, तारीख पुरत नाही.

टोचणं त्यांना लवकर जमतं. राहून जातात ते चार निरोप: कोणती लस दिली, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, कार्ड जपून ठेवा आणि पुढच्या वेळी आणा. आईने ते उलट बोलून दाखवेपर्यंत विद्यार्थिनीने पुढच्या बाळाला हात लावायचा नाही, असा नियम करा. सत्र लांबतं, सिस्टर वैतागतात, तरी करा. आणि अर्धा तास आईला थांबवून ठेवणं हे मुलींचंच काम. तेवढ्यात घरच्या इतर मुलांची माहिती सहज मिळते.

फोनवर एका मिनिटात

दुर्गम उपकेंद्रावरच्या नर्सचं अर्धं काम फोनवर असतं. मुली डॉक्टरांना फोन लावतात आणि "सर, एक पेशंट आहे, तिला कसंतरी होतंय" अशी सुरुवात करतात. त्यांना पाठ करायला लावा: कोण, किती दिवसांची, काय मोजलं, काय केलं, काय हवं. "सर, उपकेंद्रावरून बोलतेय. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. बीपी एकशे साठ, एकशे दहा, दोनदा बघितलं. डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवीत प्रथिनं दोन प्लस. झटका आलेला नाही. सिस्टर इथेच आहेत, मॅगसल्फचा पहिला डोस देऊ का विचारतायत. एकशे आठला फोन झालाय." (मॅगसल्फ म्हणजे झटका रोखणारं इंजेक्शन.) एका मिनिटात डॉक्टरला निर्णय घेता येतो. सराव खऱ्या फोनवर घ्या, मुलीला दुसऱ्या खोलीत पाठवून. समोरासमोर सगळ्यांना नीट बोलता येतं.

रुग्णवाहिकेचा १०२ नंबर कशासाठी आणि १०८ कशासाठी, हे नुसतं सांगून ठेवू नका. आपल्या भागात गाडी पोचायला किती वेळ लागतो हे चालकांना भेटून विचारायला लावा. तो वेळ धरूनच निर्णय कधी घ्यायचा ते ठरतं.

राहणं आणि सुरक्षितता

यावर कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. खोलीला आतून कडी, चालू संडास, रात्री दिवा, हे स्वतः बघितल्याशिवाय मुली पाठवू नका. गृहभेट जोडीने. दारू प्यालेला माणूस दारात असेल तर भेट झाली नाही म्हणून लिहायचं आणि परत फिरायचं, धाडस नको. शेवटची गाडी चुकली तर कोणाला फोन करायचा तो नंबर वहीत नाही, पाठ असावा. पाळीच्या दिवसांत लांबच्या वस्तीवर जायचं नसेल तर तसं सांगायची सोय ठेवा, आणि हे पुरुष ट्यूटरला सांगावं लागू नये.

लॉगबुकऐवजी एक घर

लॉगबुक भरावंच लागतं, नर्सिंग परिषदेचा नियम आहे. पण त्यातल्या संख्येवरून मी मुलगी जोखत नाही. प्रत्येकीला एक घर देते. शक्यतो बाळंतपण जवळ आलेलं, कारण मग भेटींचं वेळापत्रक ठरलेलंच असतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, घरी झालं तर पहिलाही. आशाताई या भेटी करतातच, विद्यार्थिनी त्यांच्याबरोबर जाते. प्रत्येक भेटीनंतर अर्धं पान: काय बघितलं, काय मोजलं, घरात कोण काय म्हणालं, मागच्या वेळी सांगितलेलं कोणी केलं, कोणी नाही केलं आणि का. हे शेवटचं "का" जिच्या पानावर खरं उतरतं ती तयार झाली असं मी धरते. "अज्ञानामुळे" असं लिहिलेलं पान मी परत देते. लोहाच्या गोळ्या बाईने बंद केल्या त्या अज्ञानाने नव्हे, शौचाला काळं होतं आणि पोट दुखतं म्हणून. ते आधी सांगितलं असतं आणि जेवणानंतर घ्यायला लावलं असतं तर चालू राहिल्या असत्या.

पोस्टिंग बेचाळिसाव्या दिवसाआधी संपतं तेव्हा विद्यार्थिनीने ते घर तसंच सोडून जायचं नाही. शेवटच्या आठवड्यात ती, आशाताई आणि उपकेंद्राची सिस्टर तिघी त्या घरी जातात. राहिलेल्या भेटींच्या तारखा कार्डावर लिहितात, कोण येणार त्याचं नाव आईसमोर सांगतात. लॉगबुकवर माझी सही त्यानंतर.